अर्थ तोच राहतो म्हणे!

‘चार शब्द इकडेतिकडे केले तर काय बिघडतं? अर्थ तोच राहतो की!’

कवितेचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि दर वेळी माझ्या कपाळाला आठी पडते. वीजबिलाच्या बाबतीत मला हे शंभर टक्के मान्य आहे. बिल भरायची शेवटची तारीख कोल्हापुरीत सांगा, पुणेरीत सांगा, नाहीतर गाऊन सांगा, तारीख काही बदलत नाही. भावकवितेचं तसं नसतं. तिच्यात अर्थ हा पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखा नसतो, की पेटी बदलली तरी दागिना तोच. तिथे पेटी आणि दागिना अशा दोन वस्तूच नसतात.

ही सवय आपल्याला शाळेने लावली असं मला वाटतं. ‘कवितेचा सरळ अर्थ लिहा’ हा एक प्रश्न, ‘अलंकार ओळखा’ हा दुसरा, आणि वृत्ताचे गण पाडा हा तिसरा. तीन वेगळे प्रश्न, तिन्हींचे वेगळे गुण. म्हणजे अर्थ एका खोलीत, यमक-अनुप्रास दुसऱ्या खोलीत आणि य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा मागच्या परसात. शिवाय ‘अलंकार’ या नावातच घोटाळा आहे. अलंकार म्हटलं की बाई आधी असते, मग दागिने घालते, रात्री काढून ठेवते, आणि बाई तीच राहते. कवितेतून उपमा काढून ठेवून बघा बरं, काय उरतं ते.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. सध्या हा विषय डोक्यात घोळतोय त्याचं कारण घरचं आहे. इथे वाचायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक कागलचे नाहीतर कागलात मुलगी दिलेले किंवा तिथली मुलगी केलेले असल्यामुळे त्यांना हे प्रकरण ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

आमच्या आज्जीच्या ओव्यांची एक वही आहे. आज्जीला लिहिता येत नव्हतं. थोरल्या आत्याने बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्याजवळ बसून त्या उतरवून घेतल्या. शंभरावर ओव्या आहेत. आता त्यांचं छोटं पुस्तक करायचं, घरच्यांपुरतं, असं ठरलं. टाइप करायचं काम चुलतभावाने केलं आणि तपासायला अर्थातच काकांकडे दिलं, कारण काका मराठीचे निवृत्त शिक्षक. काकांनी लाल पेन उचललं. आलेलं प्रूफ बघून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

काकांनी काय केलं? ‘त्येला’चं ‘त्याला’ केलं. ‘मळ्यातनं’चं ‘मळ्यातून’ केलं. ‘अक्का’ची ‘ताई’ केली. ओळीओळीत येणारे ‘गं’ आणि ‘बाई’ अनावश्यक म्हणून काढले. आणि जिथे जिथे आज्जी ‘मी गेलो’, ‘मी आलो’ म्हणाली होती तिथे ‘गेले’, ‘आले’ करून टाकलं. वर फोनवर म्हणाले, ‘अगं, अर्थाला कुठं धक्का लावलाय मी?’

हे शेवटचंच आधी घेते, कारण माझा खरा जीव त्यात अडकलाय.

कोल्हापूर भागाबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. त्यात मुद्दाम पुरुषी वागण्याचा आव नसतो, भाषाच तशी आहे. मी पुण्यात ऑफिसात ‘येते हं’ म्हणते आणि संध्याकाळी आईला फोनवर ‘शनिवारी येतो गं’ म्हणते. एकाच तोंडाने, एकाच दिवशी. पुण्यात पहिल्या वर्षी खोलीवरच्या मैत्रिणी या ‘येतो’वर पोट धरून हसायच्या. त्यामुळे लवकरच दोन कप्पे झाले. ‘येते’ हे कपाटातलं आणि ‘येतो’ हे अंगावरचं.

आता आज्जीच्या वहीत गंमत अशी आहे, की काही ओव्यांत ‘गेले’, ‘पाहिले’ अशी पुस्तकी वाटणारी रूपं आहेत आणि काहींत ठणठणीत ‘गेलो’. काकांना हा गोंधळ वाटला. मला तो नकाशा वाटतो. ‘गेले’वाल्या ओव्या बहुतेक पंढरीच्या, सीतेच्या, राम-लक्ष्मणाच्या आहेत, म्हणजे चालत आलेल्या, दुसऱ्या बायकांच्या तोंडून तिच्यापर्यंत पोचलेल्या. ‘गेलो’वाल्या जवळजवळ सगळ्या आमच्या घरच्या आहेत. त्यांत आमचा मळा आहे, दूधगंगेचं पाणी आहे, आजोबांचं तापट डोकं आहे आणि वारलेली एक लेक आहे. माझा तर्क असा, की या तिच्या स्वतःच्या. जिथे ती परंपरेच्या आवाजात गाते तिथे परंपरेचं क्रियापद येतं आणि जिथे स्वतःचं सांगते तिथे अंगावरचं. एका ‘ले’ आणि ‘लो’च्या फरकावर हे सगळं उभं आहे. तो पुसला, की कुठल्या ओव्या आमच्या आज्जीच्या हे कळायचा एकुलता एक पुरावा गेला. आणि म्हणे अर्थ तोच राहतो!

मराठीचं व्याकरण भावकवितेला काय काय देतं, याकडे आपलं फार कमी लक्ष जातं. ‘मी आले’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं. ‘मी पाहिलं’ म्हटलं की कळत नाही, कारण क्रियापद तिथे कर्माकडे बघतं. म्हणजे कवीला हवं तेव्हा स्वतःचं बाईपण किंवा पुरुषपण उघडं करता येतं आणि हवं तेव्हा झाकता येतं, एकही जास्तीचा शब्द न वापरता. इंग्रजीत ‘मी’ गेला काय नि गेली काय, क्रियापदाला पत्ता नसतो. तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. या दोन शब्दांमध्ये अख्खं माहेर-सासर मावतं. वहीत भावाला उद्देशून एक ओवी आहे, त्यात ‘आमी’ आहे. काकांनी त्याचं ‘आपण’ केलं. का, तर आपलेपणा वाढतो! अहो काका, पण तिथे भाऊ त्या ‘आमी’त नाहीच आहे. ‘आमी’ म्हणजे नांदायला गेलेल्या बायका, आणि तू म्हणजे बापाच्या घरात राहिलेला. तिचं म्हणणंच ते आहे. ‘आपण’ केल्याबरोबर तक्रारीचा सत्कार समारंभ झाला.

आता ते ‘गं’ आणि ‘बाई’.

कागदावर ते फालतू दिसतात हे मान्य. पण ओवी कागदावर जन्मलेली नाही. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात. एकीने सुरुवात करायची, दुसरीने उचलायची. दगड फिरतोय, मूठमूठ दाणे पडताहेत, पहाटेचा अंधार आहे. त्यात ‘बाई’ हा शब्द समोरच्या बाईला मारलेली हाक आहे, श्वास घ्यायची जागा आहे आणि जात्याचा फेरा पुरा करायची सोयही आहे. ‘मळ्यातनं’ आणि ‘मळ्यातून’चंही तेच. ‘-नं’ हा शेवट उघडा आहे, गाताना तो जात्याबरोबर लांबवता येतो. ‘-तून’ला दार आहे, ते न पाशी बंद होतं. म्हणून बघा मोठ्याने. मी स्वयंपाकघरात म्हणून बघितलं, मुलगा विचारायला आला काय झालं म्हणून. :)

पण श्वासापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ती हाक. ओवीतली बाई सहसा हवेत बोलत नाही. ती कुणाला तरी सांगत असते, शेजारणीला, नणंदेला, गावाकडे असलेल्या भावाला, नाहीतर खुद्द जात्याला देव मानून. आणि ऐकत असते पडवीत झोपलेली सासू. जी गोष्ट सासूच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती ती शेजारणीला हाक मारून, भावाचं नाव घेऊन, देवावर ढकलून, चालीत बसवून मोठ्याने म्हणता यायची, आणि सासूला हरकत घेता यायची नाही, कारण सून दळतेय आणि गातेय. म्हणजे हाकेचं हे वळण हीच बोलण्याची परवानगी होती. ‘बाई’ काढलंत तर उरतं एका सुनेचं सरळ निवेदन. ते निवेदन आज्जीने आयुष्यात कधीच केलं नाही. केलं असतं तर तिला त्या घरात राहू दिलं नसतं.

हे फक्त आज्जीबद्दल खरं आहे असं नाही. पुस्तकातल्या कवितेलाही तेच लागू होतं, फक्त तिथे आपल्याला मान द्यायची सवय असल्याने आपण लाल पेन काढत नाही. मर्ढेकरांचं उदाहरण घ्या. १९४७ साली ‘काही कविता’ आला तेव्हा लोक हादरले ते काय सांगितलंय यामुळे, असं आपण शिकतो. यंत्रयुग, गर्दी, माणसाचं किडामुंगीसारखं जगणं. पण त्यातल्या कितीतरी कविता अभंग-ओवीच्या घाटात आहेत, हे मला जास्त हादरवणारं वाटतं. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. तीन चरण चालत यायचं आणि चौथ्यात दोन अक्षरं कमी पडायची. संतांच्या अभंगात त्या कमी पडलेल्या जागेत टाळाचा ठेका असतो, विठ्ठल असतो. कान तो ठेका ओळखतो आणि त्या जागी देवाची वाट बघतो. मर्ढेकर त्याच जागेत कारखान्याच्या जगातला माणूस उभा करतात. देव गेलाय हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण त्याची बसायची जागा तशीच आहे आणि ती रिकामी आहे. हाच मजकूर मुक्तछंदात लिहिला असता तर ती एक चांगली तक्रार झाली असती, बस्स.

उलट दिशेचं उदाहरण म्हणजे मंदाक्रांता. नावातच हळू पावलं टाकणं आहे. सतरा अक्षरं, त्यातली पहिली चार जड, मग पाच हलकी अक्षरं धावत सुटतात आणि पुन्हा जडाजवळ येऊन अडखळतात. कालिदासाने ‘मेघदूत’ या वृत्तात लिहिलं. दूर अडकलेला माणूस निरोप पाठवतोय. तो उसासा टाकतो, मग भरभर बोलतो, मग थांबतो. यक्षाला विरह झालाय हे वृत्त आधी सांगतं आणि शब्द नंतर. (हे वाचून कुणी मला गण पाडायला सांगू नये.)

आणि वृत्तांचा विषय निघाला तर कोल्हापूरचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. मराठी छंदांचा सगळ्यात पक्का हिशेब ज्यांनी मांडला ते माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, आमच्या राजाराम कॉलेजात शिकवत होते. ‘छंदोरचना’ १९२७ साली आली, १९३७ साली वाढवून पुन्हा आली, आणि त्या कामावर १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. गझल मराठीत आणण्यात त्यांचा मोठा वाटा, ‘गज्जलांजलि’ १९३३ची. मला या माणसाचं फार कुतूहल वाटतं. फारसी शिकलेला आणि शिकवलेला, गझलेच्या प्रेमात असलेला हा कवी आयुष्याच्या उत्तरार्धात भाषाशुद्धीचा कट्टर कैवारी झाला. त्यावर पुस्तकही लिहिलं त्यांनी. कानाला अरबी-फारसी शब्दांचा नाद कळतो आणि डोकं म्हणतं ते शब्द नकोत. आमच्या काकांचंही थोडंफार असंच आहे. पंगतीत बसले की त्यांच्या तोंडून जी अस्सल कागली भाषा निघते तिला तोड नाही, आणि लाल पेन हातात आलं की सदाशिव पेठ संचारते.

काकांना मी हसतेय असं कुणी समजू नका. त्यांची बाजू मला कळते. त्यांच्या पिढीतल्या मुलांनी या बोलीपायी वर्गात टपल्या खाल्ल्यात. ‘गावठी’ हा शब्द त्यांनी जेवढ्या वेळा ऐकलाय तेवढा आम्ही ऐकला नाही. शुद्ध मराठी ही त्यांना कष्टाने मिळालेली इस्त्रीची कापडं आहेत. आईचं पुस्तक निघतंय, चार लोक बघणार, तर आईला नीट साडी नेसवून उभी करावी, एवढाच त्यांचा हेतू आहे. त्यात प्रेम आहे, अपमान तर मुळीच नाही. शिवाय त्यांचा दुसरा मुद्दाही पोकळ नाही. बंगलोर आणि अमेरिकेतल्या नातवंडांना ‘त्येला’ लागणार नाही. खरंय, नाही लागणार. पण त्यांना ‘त्याला’ तरी कुठे धड लागतंय?

पण इस्त्रीची कापडं घातलेली आज्जी आम्ही कुणी बघितलेलीच नाही ना.

आणि कागलात बसून बोली छापायला लाजायचं म्हणजे कमालच झाली. आनंद यादव आपल्या गावचे. १९३५ साली कागलात जन्मले, दुसऱ्याच्या मळ्यात राबणाऱ्या घरात. बाहेरच्या लोकांना ते ‘झोंबी’मुळे माहीत असतात, किंवा २०१० साली ‘नटरंग’ सिनेमा आला त्यामुळे. (त्यातली गाणी मात्र त्यांची नाहीत. लग्नात ती वाजली की आमच्यातले काही अभिमानाने ‘आपल्या यादवांचं गाणं’ म्हणतात, म्हणून सांगितलं.) पण त्यांचं पहिलं पुस्तक कवितांचं होतं, ‘हिरवे जग’, १९६० साली. आणि १९७१ साली आलेल्या ‘गोतावळा’त त्यांनी एक मोठं धाडस केलं. त्याआधीच्या बहुतेक ग्रामीण गोष्टींत पात्रं बोलीत बोलायची आणि लेखक शुद्धात. म्हणजे लेखक बांधावर खुर्ची टाकून बसलाय आणि गडी खाली रानात. ‘गोतावळा’त नारबा नावाचा गडी स्वतःच सगळं सांगतो, निवेदनसुद्धा बोलीतच. खुर्ची गेली. बैल, रेडकू, कुत्रं, झाडं हा त्याचा गोतावळा, आणि यंत्र आल्यावर तो कसा उसवत जातो हे त्याच्याच तोंडून. ती कादंबरी असली तरी पानंच्या पानं मला भावकवितेसारखी वाटतात. कथानक विचाराल तर चार ओळींत संपेल. जे लागतं ते त्या आवाजाने लागतं. ‘गोतावळा’ प्रमाण मराठीत करून बघा, शेतीच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल तयार होईल.

बोलीबद्दल माझी एक तक्रारही आहे, ती इथेच नोंदवून ठेवते. हल्ली शहरी कवितांतून ‘लई’, ‘न्हाई’, ‘रं’ असे दोन-चार शब्द टाकून गावरान फोडणी द्यायची पद्धत पडलीय. वाक्याची चाल शहरातली आणि वर मोहरी-कढीपत्ता. असल्या ‘रं’ला काही अर्थ नाही, कारण तो काढला तरी खरंच काही बदलत नाही! माझी कसोटी एवढीच आहे. काढून बघा. काढल्यावर कविता तशीच राहिली तर ती नटवणूक होती, आणि काढल्यावर कविता दुसरीच झाली तर तो अर्थ होता. आज्जीच्या वहीतलंही सगळंच पवित्र आहे असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी आत्याने घाईत एकच शब्द दोनदा लिहिलाय, एका पानावर मधेच किराणा मालाची यादी आहे. ते काढा की खुशाल. (यादी ठेवावी असं माझ्या बहिणीचं मत आहे. असो.)

‘अक्का’ची ‘ताई’ करणं हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. अक्का हा आपल्याकडे कानडीतून आलेला शब्द. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक, आपल्या निम्म्या सोयरिकी निपाणी-संकेश्वरकडच्या. अक्का म्हणजे नुसती मोठी बहीण नव्हे, जिने भावंडांना काखेत घेऊन वाढवलं ती. ताई गोड आहे, पण ती शाळेत जाते. शिवाय त्या ओवीत पुढच्या ओळीचं यमक ‘पक्का’शी होतं. ताई आल्यावर तेही लंगडं झालं आणि काकांनी मग ‘पक्का’सुद्धा बदलला. एक वीट काढली की दुसरी अशी काढावी लागते.

त्याच रस्त्याने निपाणीच्या पुढे गेलं की तवंदीचा घाट लागतो. बेळगावला जाताना दर वेळी मला आठवण होते, की तवंदी हे इंदिरा संतांचं मूळ गाव. बोलीच्या बाबतीत त्या आज्जीच्या अगदी दुसऱ्या टोकाला. भाषा प्रमाण, शब्द मोजके, आवाज कुठेही चढत नाही. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले आणि नंतरच्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ या संग्रहांत त्या जाण्याची सावली आहे. पण दुःखाचं नाव घेऊन त्या क्वचितच बोलतात. संध्याकाळ, पाऊस, घरातली एखादी वस्तू एवढंच समोर ठेवतात आणि वाक्य एक पाऊल अलीकडे थांबवतात. ते थांबणं हीच त्यांची शैली आणि तोच त्यांचा अर्थ. त्यांच्या कवितेचा ‘सरळ अर्थ’ लिहायला बसलात तर जे त्यांनी जाणूनबुजून गाळलं तेच तुम्ही भरून काढाल, आणि उत्तरपत्रिकेत पैकीच्या पैकी मिळवाल. आज्जी हाक मारून सांगते, इंदिराबाई न सांगता सांगतात. दोघींच्या दुःखाचा सारांश काढला तर एकच निघेल कदाचित. म्हणून तर सारांशावर माझा विश्वास नाही.

काकांशी माझं दोन-तीनदा बोलणं झालं. पहिल्यांदा ते रागावले. ‘शुद्धलेखनाचे नियम माहीत आहेत का तुला?’ नियम मी काढून बसलेच होते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. त्यात ‘असं केलं’ अशा बोलण्यातल्या रूपांना अनुस्वार देऊन लिहायची मुभा आहे. पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाचं स्वातंत्र्य कवीला दिलेलं आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनासुद्धा कळत होतं, की कवितेच्या दारात आल्यावर चपला काढायच्या असतात. काका म्हणाले, आई काय कवी होती? मी म्हटलं, मग कोण होती?

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्यांदा मी बहिणाबाईंचं उदाहरण दिलं. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, १९५२ साली त्यांची गाणी पुस्तक होऊन आली, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी टिकली ती मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्या मंडळींनी उतरवून घेतली म्हणून. आता सोपानदेव स्वतः कवी, प्रमाण मराठीत लिहिणारे, छापणारे. आईची भाषा ‘सुधारायला’ त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा कोण होता? त्यांनी खानदेशातली ती बोली छापली, आणि आज कोल्हापूरच्या माणसालाही त्यातले काही शब्द अडतात तरी गाणी पाठ असतात. अडलेला शब्द माणूस विचारतो, शोधतो. गुळगुळीत केलेल्या शब्दावरून तो घसरून पुढे जातो. तसंच दुसरं उदाहरण हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांचं. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘परी’ हे संकेतस्थळ त्या लोकांसमोर आणतंय. तिथे बायकांचे आवाज ऐकायला मिळतात, त्यांच्या बोलीतले शब्द वाचायला मिळतात, आणि भाषांतर असलं तरी ते वेगळं, शेजारी. मूळ ओळीला कुणी हात लावत नाही. काकांना मी दुवा पाठवला. रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला, ‘ऐकत बसलोय.’ एवढंच. ‘ऐकत बसलो आहे’ असं नाही म्हणाले, हे मी लगेच टिपलं.

सध्या ठरलंय ते असं. डाव्या पानावर ओवी, वहीत आहे तशी, ‘गं’-‘बाई’-‘गेलो’सकट. उजव्या पानावर काकांच्या भाषेत तिचा अर्थ आणि अडणारे शब्द. हे मला मनापासून आवडलंय, कारण काका अर्थ सुरेख लिहितात, आणि तो त्यांचा अर्थ आहे हे पानच सांगेल. ‘अक्का’ परत आली, ‘पक्का’ परत आला. ‘आमी’भोवती त्यांनी अजून पेन्सिलीचा गोल ठेवलाय. राहू दे.

आता राहिली चाल. ती छापता येत नाही, आणि आज्जीची चाल नीट येणाऱ्या दोघीच उरल्यात, थोरली आत्या आणि मुरगूडची मावशी. दिवाळीत दोघी कागलला असतील. ज्यांच्या फोनमध्ये आवाज चांगला टिपला जातो त्यांनी तो चार्ज करून आणावा. आणि दोघींना समोरासमोर बसवायचं आहे, कारण आत्याला एकटीने म्हणायला सांगितलं की ती पहिल्या ओळीनंतर थांबते आणि समोर कोण उचलतंय ते बघत राहते.